पेशी, कोशिका आणि स्नायू

रावेरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गात बऱ्हाणपूरहून, हिंदी माध्यमातून आलेला एक मुलगा आहे. ‘पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक’ हे वाचून तो म्हणाला, पेशी तर दंडात असते, हा घटक म्हणजे कोशिका. बरोबर कोण, आणि मराठीनेही ‘कोशिका’ घ्यावा का?

मुलगा त्याच्या भाषेपुरता बरोबरच आहे. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू आणि आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका. घोळ एवढ्यावर थांबत नाही. ‘स्नायू’ हा शब्द हिंदीत अस्थिबंधासाठी, म्हणजे सांध्यात हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यासाठी वापरतात, आणि बोलण्यात तर मज्जातंतूंसाठीही. म्हणजे आपण ‘स्नायुपेशी’ म्हटलं की या मुलाच्या मनात भलतंच चित्र उभं राहणार.

जुन्या अर्थाच्या जवळ हिंदी आहे, हे मान्य करायला हवं. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या ५०० पेशी सांगितल्या आहेत. त्या मांसाच्या, म्हणजे आपल्या भाषेत स्नायू. तिथेच ९०० स्नायू आहेत, ते सांधे बांधून ठेवणारे. मराठीत हे दोन्ही शब्द एकेक घर पुढे सरकले. स्नायू मांसाकडे गेला आणि पेशी त्याहून सूक्ष्म घटकाकडे. (कोर्टातली ‘पेशी’ फारसीतून आलेली, तिचा इथे संबंध नाही.)

तरीही मला ‘पेशी’च हवा. रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याला रिकामे कप्पे दिसले, म्हणून त्याने लॅटिनमधल्या ‘लहान खोली’ या अर्थाच्या शब्दावरून ‘सेल’ हे नाव दिलं. कोशिका त्या कप्प्याशी जुळतो. पण बूच मेलेलं होतं. जिवंत पेशी आत भरलेली असते. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये तिच्यातल्या केंद्रकाला नाव दिलं. त्याभोवती पेशीद्रव्य, त्यात ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका, वनस्पतीत शिवाय उन्हात अन्न तयार करणारी हरितलवकं. आयुर्वेदात दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या एका आकारालाही पेशी म्हटलं आहे. जिवंत, भरीव, वाढणारं असं काही त्या शब्दात आधीपासूनच आहे.

हुकने काय पाहिलं, ते खानदेशात दाखवायला बूच शोधायला नको. फुटलेल्या बोंडातला कापूस घ्या. सरकीच्या सालीवरचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी, अडीच-तीन सेंटिमीटर लांब आणि जाडीला मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. बोंड हिरवं असताना ती जिवंत असते आणि आतून सेल्युलोजचे थर चढवत जाते. बोंड उकललं की आतलं द्रव्य वाळतं, पेशी मरते, उरते ती भित्तिका. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात एक तंतू पाण्याच्या थेंबात ठेवून पाहा, चपटी, जागोजागी पीळ पडलेली फीत दिसते. पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांतला फरकही इथे नीट सांगता येतो. भित्तिका वनस्पतीत, कवकांत आणि बहुतेक जिवाणूंत असते, प्राण्यांच्या पेशीत नसते. पटल मात्र प्रत्येक जिवंत पेशीला असतं आणि आत काय जाऊ द्यायचं, बाहेर काय सोडायचं, हे तेच ठरवतं.

माझी खरी तक्रार ‘पेशी’ या शब्दाबद्दल नाही, ‘रिक्तिका’ या शब्दाबद्दल आहे; रिक्तिका म्हणजे पेशीतली रस साठवणारी पिशवी. नाव सांगतं रिकामी, आणि वाढलेल्या वनस्पती-पेशीत तर तीच सगळ्यात मोठी जागा व्यापून, रसाने गच्च भरलेली असते. केळीचं पान दुपारच्या उन्हात मलूल पडतं ते या रसातलं पाणी घटून पेशीतला दाब उतरतो म्हणून. हिंदीत यासाठी ‘रसधानी’ आहे आणि तो सरस आहे. उसना घ्यायचाच असेल तर हा घ्यावा, कोशिका नको.

वर्गात तूर्त फळ्यावर दोनच ओळी लिहून ठेवाव्यात: मराठी पेशी म्हणजे हिंदी कोशिका, मराठी स्नायू म्हणजे हिंदी मांसपेशी. त्या मुलाने उत्तरपत्रिकेत मात्र मराठीतलेच शब्द लिहावेत. आणि हल्ली व्यायामाच्या जाहिरातींतून मराठीत ‘मांसपेशी’ शिरू लागला आहे, तो आपण मोठ्यांनी तरी वापरू नये; स्नायू हा शब्द सगळ्यांना कळतो.