चिकणमाती संथ भाराखाली टिकते आणि घाईच्या भाराखाली सरकते, असे का? भराव करताना किती थांबावे?

मातीच्या कणांमध्ये अडकलेले पाणी हे याचे कारण आहे. चिकणमातीतून ते इतके सावकाश झिरपते की झटपट आलेला भार आधी पाण्यावरच पडतो, मातीचे आकारमान तेवढेच राहते आणि ती बाजूला फुगते. भार टिकून राहिला, तर पाणी महिनोन्महिने निचरत जाते आणि जमीन खचते, पण त्या खचण्यातूनच तिची ताकद वाढते. मृदायांत्रिकीचे जनक मानले जाणारे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मध्ये हे गणितात बसवले.

मुंबईजवळच्या एका खाडीकाठी आम्ही रस्त्याचा भराव करत होतो. अर्ध्या मीटरचा थर टाकायचा आणि पीझोमीटरमधला (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणातला) दाब उतरल्यावरच पुढचा, असे ठरले होते. मे महिन्यात वरिष्ठांना पावसाआधी काम उरकायचे होते. प्रयोगशाळेचा अहवाल समोर टाकून ते म्हणाले, ‘मातीचा नमुना यंत्रात वेगाने भार देऊन मोडला तेव्हा ताकद जास्तच आली आहे, मग वेगाने भरायला हरकत काय?’ चार दिवसांत दोन मीटर माती पडली. पाचव्या दिवशी सकाळी माथ्यावर लांबच लांब भेग होती आणि पायथ्यापलीकडचा चिखल तिवरांसकट कमरेइतका वर आला होता. वहीत तीन दिवस चढता दाब मी स्वतः लिहिला होता, पण ती कोणी उघडली नाही. ठपका आला तो रोलर नीट न फिरवल्याचा, तोही मुकादमावर.

अहवाल खोटा नव्हता. चाचणीत भार देण्याचा वेग दहापट केला की ताकद साधारण दहा टक्के वाढते, हे खरे. पण त्या बदल्यात निचऱ्यातून मिळणारी सगळी वाढ गमवावी लागते, आणि ती कितीतरी मोठी असते. पिसाच्या मनोऱ्याचे ११७३ मध्ये सुरू झालेले बांधकाम मध्येच सुमारे शतकभर थांबले नसते, तर तो तेव्हाच आडवा झाला असता, असे या विषयातले जाणकार मानतात. उलट कॅनडातील ट्रान्सकोनाचे नवे धान्यकोठार १९१३ मध्ये भरत असतानाच एका दिवसात सुमारे २७ अंशांनी कलले.

किती थांबावे, हे पीझोमीटरला विचारावे. पाण्याला बाहेर पडायची वाट दुप्पट लांब असेल तर वेळ चौपट लागतो, म्हणूनच ती वाट आखूड करायला जमिनीत उभे निचरे घालतात.

हे सर्व मऊ मातीवरील भरावापुरते आहे. खोदकामात भार उतरतो, माती पाणी शोषून दिवसेंदिवस कमजोर होते, त्यामुळे तिथे थांबणेच धोक्याचे असते. शिवाय दाब उतरल्यावरही खचणे मंदपणे चालू राहते. आमच्या त्या रस्त्यावर पुलाच्या तोंडाशी अजूनही दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा थर चढवावा लागतो.