शेऱ्यांची वही

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

‘चि.’च्या पुढे ‘टीचर’ लिहून पाहिलं, पण हात वळेना. नववी ‘ब’च्या फळ्यावर माझं टोपणनाव लिहिणारी मुलगी आता एका कॉन्व्हेंट शाळेच्या शिस्त समितीत आहे, हे पचवायला मला दोन दिवस लागले. (टोपणनाव झकास होतं. तेव्हा तसं म्हणता आलं नाही.)

तू पाठवलेले डायरीतले नियम वाचले. २७ आहेत. पेन्सिलीने खुणा करत गेले तर त्यातले १४ निघाले नखं, केस, रिबन, मेंदी, बूट आणि मोजे यांचे. दुसऱ्या मुलाला त्रास देऊ नये, एवढं सांगणारा नियम एकच, तोही चोविसावा. क्रम बदलायला सिस्टरांची परवानगी लागेल, पण मागून बघ. मुलं ते पान उघडत नाहीत हे मलाही माहीत आहे. पालक मात्र ॲडमिशनच्या दिवशी त्याखाली सही करतात, आणि या शाळेला कशाचं वावडं आहे ते त्यांना तिथेच कळतं.

तू विचारलंस, नियम कडक ठेवू की सैल? मी आधी माझीच एक फजिती सांगते, वसईतल्या नोकरीतली.

शाळा साडेसातची. गेटवर लेटची वही घेऊन कुणीतरी उभं राहायचं, त्या वर्षी मी होते. तीन लेट झाले की डायरीत शेरा, तीन शेरे झाले की पालकांना बोलावणं. खाडीतल्या बेटावरून होडीने येणारी पाच-सहा मुलं होती, त्यातला सातवीतला एक जण वहीत सारखा. त्याचे पालक बोलावूनही येत नसत. बाप मासेमारीवर आणि आई टोपली घेऊन बाजारात असायची, तर येणार कोण? एकदा तो बूट पिशवीत घालून, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखून आला. मी म्हटलं, “अरे, बूट पायात घालायचे असतात, फिरायला न्यायचे नसतात.” रांगेतली मुलं खो खो हसली. मला माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं, हे कबूल करते.

आमचे शिपाईकाका कोळीवाड्यातले. मार्चमध्ये वह्या बांधून ठेवताना ते सहज म्हणाले, “टीचर, ह्या पोराचे लेट तिथीवर पडतात.” मला काहीच उलगडेना. मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. पूर्ण ओहोटी तिच्यापासून सहा तासांवर. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे तीन-चार दिवस, सकाळी नेमकं शाळेच्या वेळेला पाणी ओसरलेलं असतं. होडी धक्क्याला लागत नाही, पोरं चिखल तुडवत येतात. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि वही ताडून पाहिली. दर पंधरवड्याला तेच चार-पाच दिवस. एरवी मुलगा सव्वासातला हजर. वर्षभर मी ओहोटीची नोंद ठेवत होते आणि खाली लाल शाईने ‘निष्काळजी’ लिहीत होते.

सिस्टरांनी पुढच्या जूनपासून बेटावरच्या मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या घंटेपर्यंत सवलत दिली आणि गेटजवळच्या नळापाशी एक जुनं बाक ठेवलं, पाय धुऊन बूट घालायला. साडेसातचा नियम होता तसाच राहिला, आणि राहायलाच हवा होता, कारण रेंगाळत येणारे बाकीचेही होतेच. तो मुलगा मात्र तोवर शाळा सोडून गेला होता. त्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘समाधानकारक’ असं लिहिलं गेलं. ‘चांगली’ नाही. तुला माहीत आहे, त्या रकान्यात ‘समाधानकारक’ म्हणजे काय समजतात ते. ती माझ्या शेऱ्यांची कमाई.

तेव्हापासून नियम किती कडक यापेक्षा माझं लक्ष दुसरीकडेच जाऊ लागलं. शिक्षा कधी संपते? छडी दोन मिनिटांत संपत असे, वाईटच होती, पण संपत असे. शेरा संपत नाही. तो डायरीतून रजिस्टरमध्ये जातो, तिथून स्टाफरूममध्ये, तिथून दाखल्यावर. ज्या धर्माच्या लोकांनी ही शाळा काढली त्यांच्याकडे कन्फेशन आहे. चूक आठवायची, पश्चात्ताप व्हायला हवा, तोंडाने सांगायची, प्रायश्चित्त करायचं, आणि विषय मिटला. फादर पुढच्या रविवारी मागचं उकरून काढत नाहीत. मी ख्रिस्ती नाही, तूही नाहीस, पण एवढी चांगली गोष्ट चॅपलमध्ये ठेवून आपण ऑफिसात मात्र तीन-तीन वर्षांचे शेरे सांभाळायचे, हे मला कधी पटलं नाही.

त्या लोकांनी शिक्षेचा विचार पुष्कळ केला आहे, हे मला एका शिबिरात म्हाताऱ्या जेझुइट फादरांकडून कळलं. (जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ.) जेझुइटांच्या शाळांची नियमावली १५९९ सालची. तिच्यात असं आहे की मारायची वेळ आलीच तर ते काम संघाच्या सदस्याने करू नये, बाहेरचा माणूस नेमावा. फादर हसून म्हणाले, शिकवणाऱ्याचा हात मुलाला भीतीचा वाटू नये म्हणून. मला आमचे पीटी सर आठवले. सिस्टर कधी कुणाला बोट लावत नसत, मुलांना पीटी सरांकडे पाठवत असत. हात स्वच्छ ठेवायची ही युक्ती चारशे वर्षांची आहे, हे कळल्यावर पीटी सरांची जरा दया आली.

डॉन बॉस्को हे इटलीतले पाद्री मला जास्त जवळचे. ट्यूरिनच्या रस्त्यावरची पोरं गोळा करून त्यांनी काम केलं आणि १८७७ मध्ये आपल्या पद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की एक पद्धत चूक होईपर्यंत वाट पाहते आणि मग शिक्षा करते, दुसरी मुलासोबत एवढी असते की चूक व्हायला जागाच कमी उरते. पुढे १० मे १८८४ ला त्यांनी रोमहून एक पत्र पाठवलं. त्यात त्यांची मोठी खंत अशी होती की पूर्वी मोठी माणसं सुट्टीत पोरांमध्ये मिसळायची, आता ती लांब उभी राहून नुसती पाहतात, आणि मुलांना आपण कुणाला आवडतो हेच कळेनासं झालंय. मधल्या सुट्टीत तू कुठे असतेस? स्टाफरूममध्ये चहा घेत असशील तर घे, मीही घेतला आहे. पण आठवड्यातून दोनदा मैदानाच्या कडेला उभी राहा. कोण एकटा डबा खातो, कोणाचा डबा दुसराच खातो, ते तिथे दिसतं. समितीच्या बैठकीत दिसत नाही.

कॅथलिक चर्चच्या कायद्यातली आणखी एक गोष्ट, कॅनन लॉचा ९८५वा नियम: संस्थेचा जो प्रमुख असतो त्याने तिथेच राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं कन्फेशन ऐकू नये, एखाद्याने आपणहून मागितलं तरच. ज्याच्या हातात शिक्षा आहे त्याच्यापुढे मन उघडं करायची सक्ती कुणावर होऊ नये, असा मी त्याचा अर्थ लावते. तुझ्याकडे दोन्ही कामं येणार, वर्गशिक्षिका आणि समिती. एखादी मुलगी रडत येऊन तुला काही सांगेल, ते दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध कागदावर आणू नकोस. मात्र कुणी लैंगिक त्रास देत असल्याचं सांगितलं तर गप्प बसायची मुभा तुला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाने पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. सिस्टरांच्या कानावर घालून सुटका होत नाही.

मारण्याबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. कुणीतरी तुला सांगेल की २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदा लागू नाही. तसा निकाल आहे, आणि २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याबद्दल शंकाही घेतली आहे. तो वाद वकिलांना घालू दे. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायद्याच्या ७५व्या कलमाखाली गुन्हा आहे, मग शाळा कुणाचीही असो. आणि बुटांवरून केलेला माझा विनोद ‘मानसिक’मध्ये बसला असता, याबद्दल मला शंका नाही.

आता तुझा खरा घोर, मेंदी आणि राखीवर बंदी ठेवावी का, हा. एक सांगते. राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सहावीच्या वर्गात अर्ध्या मुलांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. एका मुलीने हात वर करून विचारलं, “टीचर, ह्यांचं कपाळ चालतं तर माझी टिकली का नाही?” उद्धटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी “बस खाली” म्हटलं. उत्तर नसलं की शिक्षक हेच म्हणतो. पुढे सिस्टरांना तोच प्रश्न मी विचारला, त्या खूप वेळ गप्प राहिल्या आणि मग टिकलीचा नियम डायरीतून निघाला. त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

आता तर तुझ्या हातात कागदही आहेत. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे, सरकारमान्य शाळेत मुलाला धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावायचं तर पालकांची संमती लागते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवलं की राखी, टिळा, मेंदी यांवरून मुलांना शिक्षा होऊ नये. आणि सगळ्यात वजनदार कागद त्यांच्याच घरचा आहे: भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये शाळांसाठी १३ पानांच्या सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्व धर्मांसाठी एक प्रार्थनाखोली ठेवा, असं त्यात आहे. समितीत आयोगाचं पत्र आधी काढलंस तर सगळे आक्रसतील. बिशपांचं काढ.

पण उलट बाजूही बघ. सिस्टर सकाळी ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणत असतील आणि एखाद्या पालकाने तेवढ्यावरून गेटवर आरडाओरडा केला, तर तू त्याच्या बाजूने उभी राहू नकोस. त्यांची शाळा आहे, त्यांना आपली प्रार्थना म्हणण्याचा हक्क आहे. तुझं काम एवढंच की ती न म्हणणाऱ्या पोराच्या डायरीत काही लिहिलं जाऊ नये.

इंग्रजी न बोलल्याचा दंड, तुझा १९वा नियम, तो सरळ खोडून टाक. यात मला दुसरी बाजू दिसतच नाही. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, गल्लीत मराठी, आणि मैदानावर पडून ढोपर फुटलं तर “आई गं”ला पाच रुपये? दंडाच्या भीतीने मुलं इंग्रजी बोलत नाहीत, गप्प बसतात. आमच्याकडे त्या पैशांतून वर्गाला कुंड्या आणल्या होत्या. कुंड्या छान होत्या.

शेवटी वहीचं. आमच्याकडे नंतर एक पद्धत पडली. मे महिन्यात शेऱ्यांच्या वह्या ऑफिसात जमा व्हायच्या आणि जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिकेला कोरी वही मिळायची. मागची मागूनही मिळत नसे. गंभीर काही असेल तर सिस्टर स्वतः बोलावून तोंडी सांगत. पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये केवढी कुरकुर! आता आम्हाला कळणार कसं, कोण कसा आहे? सगळ्यात मोठा आवाज माझाच होता, कारण त्या वर्षी माझ्याकडे दहावी ‘ब’ आली होती, आणि फळ्यावर नाव कुणी लिहिलं ते मला पाठ होतं. तरी पहिल्या दिवशी हजेरी घेताना तुझ्या नावाला मी थांबले नाही. तुला ते जाणवलं होतं का, हे विचारायचं बरेच दिवस मनात आहे.

तुमच्याकडे जुनी वही जूनमध्ये कुठे जाते, ते विचारून मला कळव. नियमांचा कच्चा खर्डा सिस्टरांना देण्याआधी इकडे पाठव, मी पेन्सिल तासून ठेवते.

तुझी
टीचर