फाशी सुनावली, मग इतकी वर्षं कशाला?

प्रश्न : आमच्या भागातल्या एका खून खटल्यात सेशन कोर्टाने आरोपीला फाशी सुनावली, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. आता चार वर्षं होत आली, तो अजून जेलमध्येच आहे. ताई, न्यायाधीशांनी पुरावा बघूनच शिक्षा दिली ना? मग उशीर का? मयताचे वडील मला रोज हेच विचारतात.
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : दादा, सेशन कोर्टाची फाशी तिथल्या तिथे पक्की होत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी खटल्याचे कागद उच्च न्यायालयात पाठवावेच लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचं कलम 366 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 407 आहे. आम्ही वकील त्याला कन्फर्मेशन केस, म्हणजे फाशी कायम करायची की नाही याचा खटला, म्हणतो. तिथे दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पहिल्यापासून वाचतात. ज्युनिअर असताना अशा एका केसचं पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या सगळ्या कागदांचा संच, मी लावलं होतं. एका साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवून वाचता वाचता रात्रीचे दोन वाजले. दोन्हींत वेळ वेगळी होती. त्या रात्रीपासून फाशीच्या निकालावर टाळ्या वाजवणं मला कधी जमलं नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालय, मग त्याच कोर्टाला निकाल पुन्हा तपासायला सांगणारी पुनर्विचार याचिका, शेवटी राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज.

नाशिकचंच प्रकरण घ्या. जून 2003 मध्ये शेतातल्या एका झोपडीत एकाच कुटुंबावर हल्ला झाला. पाच जीव गेले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2006 मध्ये सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तीन कोर्टं झाली होती, दादा! पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली होती. पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की फाशीच्या पुनर्विचार याचिका खुल्या कोर्टात ऐकायच्या. म्हणून यांचीही पुन्हा ऐकली गेली. तेव्हा एक गोष्ट ठळक झाली. वाचलेल्या बाईने हल्ल्यानंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. मार्च 2019 मध्ये सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकी 5 लाख भरपाईचा आदेश झाला. त्यांच्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अठराचाही नव्हता. 2009 मध्येच दोर ओढला असता तर?

उशीर नेहमी असाच रास्त असतो, असं मी म्हणणार नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात, म्हणजे दोन बहिणींनी लहान मुलं पळवून मारल्याच्या प्रकरणात, दयेच्या अर्जाचा कागद सरकारदरबारी जवळपास आठ वर्षं रेंगाळला, आणि त्याच कारणाने उच्च न्यायालयाने 2022 मध्ये दोन्ही बहिणींची फाशी जन्मठेपेवर आणली. त्या मुलांच्या आयांना काय वाटलं असेल, याचा विचार करवत नाही.

मयताच्या वडिलांना एवढं सांगा : कन्फर्मेशन केसचा नंबर सरकारी वकिलांकडून घ्या, तारखा बघत राहा. त्यांना स्वतःचा वकीलही सरकारी वकिलांच्या मदतीला देता येतो. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तालुका कोर्टातही त्यांची समिती असते.