तुमचा स्टेंट लीड्सला चालेल, बाबांचं अवघड आहे

भाऊ, तुम्ही विचारलंत: तीन वर्षांच्या व्हिसावर इंग्लंडमधल्या लीड्सला येतोय, मागच्या वर्षी नागपूरच्या धंतोलीत स्टेंट बसलाय, बाबांची बायपास झालीये. तिकडे इलाज फुकट, तर त्यांनाही आणू का?

फुकट काही नाही. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाचे १,०३५ पौंड, तिन्ही वर्षांचे एकदम. त्यानंतर मात्र छातीत दुखलं, ९९९ हा अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावला, तर मध्ये डिपॉझिटचं काउंटर येत नाही. मोठा अटॅक असेल तर थेट कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली. साध्या तपासणीला मात्र रडवतात. धंतोलीत सकाळी फोन, संध्याकाळी इको (हृदयाची सोनोग्राफी). इथे आधी जीपी, म्हणजे आपल्या भागातला नेहमीचा डॉक्टर, मग त्याची चिठ्ठी, मग वाट. चिठ्ठीपासून इलाज सुरू होईपर्यंतचं उद्दिष्ट अठरा आठवड्यांचं आहे, कित्येकांचे त्याहून जास्त जातात.

बाबा सहा महिने फिरायला येऊ शकतात. माझी आई आली होती. रात्री दोनला घाम, डावा हात जड. इमर्जन्सीत ईसीजी, रक्त, सगळं बिनपैशाचं झालं. वॉर्डात भरती करायचं ठरलं तशी एक बाई फाइल घेऊन आली आणि तिनं पासपोर्ट मागितला. पाहुण्यांना भरतीचा दर दीडपट! विमा होता, पण फॉर्मवर आईचा जुना बीपी लिहायचा राहिलेला. चूक माझीच. दोन रात्रींचं बिल चौदा महिने हप्त्यानं फेडलं. आई तेव्हा ईसीजीच्या गुलाबी पट्टीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

कायमचं आणायचं, तर २०१२ पासून नियम फार कडक आहेत. त्यांना लागणारी रोजची देखभाल भारतात मिळत नाही, हे दाखवावं लागतं. नागपूरचा पत्ता वाचून कोण मानणार? सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानला एम्स आहे, स्टेंटच्या किमतीला २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. (हे आपलं झालं. गडचिरोलीतल्या भामरागडहून निघालेल्याचे अटॅकनंतरचे मोलाचे तास रस्त्यातच जातात.)

येताना अँजिओची सीडी, डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं स्टिकर लावलेला कागद घ्या. आपल्याकडचे गोळ्यांचे ब्रँड इथे चालत नाहीत. क्लोपिडोग्रेल, अटोर्व्हास्टॅटिन अशी मूळ नावं डॉक्टरांकडून लिहून आणा. पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवा.

आणि बाबांची फाइल कुठल्या कपाटात आहे, ते शेजारच्या काकांना दाखवून या. घराची एक किल्लीही देऊन ठेवा.