भंगार यार्डसाठी आयएसओ 14001: आधी एवढंच करा

यार्डसाठी आयएसओ 14001 (पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) घ्यायचंय आणि नवीन आहात, म्हणून मोजकंच सांगतो. पर्यावरणीय पैलूंचे (कुठल्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो त्याचे) तक्ते आणि गुणांकन नंतर बघू.

1. सर्टिफिकेटच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र काढून वाचा. मुदत, क्षमता, कोणत्या मालाला परवानगी आहे ते तपासा. आयएसओ हा त्याला पर्याय नाही. बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो.

2. पावसात यार्डात फिरा. लेथच्या टर्निंगच्या (धातूच्या किसाच्या) ढिगातून कटिंग ऑइल गळतं आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग धरून थेट गटाराकडे जातं. ऑडिटर तिथेच उभा राहणार. टर्निंगला छप्पर, खाली पक्का कोबा, भोवती बंधारा आणि तेल साठवायला टाकी, पहिला खर्च यावरच करा. टाकाऊ तेल हा घातक कचरा आहे. तो साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि अधिकृत रिसायकलरलाच द्यायचा.

3. येणारा माल गेटवरच तपासा: बॅटऱ्या, बंद सिलिंडर, शिसं-पत्र्याचे संशयास्पद डबे. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातून किरणोत्सारी कोबाल्ट-60 आलं आणि एक कामगार दगावला.

कन्सल्टंटची तयार फाइल घेऊ नका. तुमच्याकडे नसलेल्या पेंट बूथची कार्यपद्धती तिच्यात हमखास निघते! क्रेनवाल्याला विचारलं की तेल सांडल्यावर काय करायचं, तर त्याला उत्तर यायला हवं. सर्टिफिकेट आयएसओ स्वतः देत नाही, म्हणून देणारी संस्था एनएबीसीबीसारख्या (अशा संस्थांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) मंडळाकडून मान्यताप्राप्त आहे का ते बघा. 'आठवड्यात सर्टिफिकेट' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

संमतीपत्र वाचून झालं की अटी इथे टाका, पुढचं बघू.