हरण्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

"मॅडम, हिने आत्तापर्यंत ट्रॉफ्यांनी घर भरलं. आता मोठ्यांच्या स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाहेर पडते. हिचं काही बिघडलंय का? की आता आम्हीच थांबावं?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पालकांचा हा प्रश्न वेगवेगळ्या खेळांच्या नावाने येतो. कधी बॅडमिंटन, कधी पोहणं. आज टेनिसच्या एका घराबद्दल लिहिते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला सई म्हणू.

सईचं घर ऐरोलीला. बाबा खासगी कंपनीत, आई शिक्षिका. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा कोर्टवर जाता यावं म्हणून सईने बारावी एनआयओएस या मुक्त शाळेतून केली. राज्यात अंडर-16 ला नाव झालं, मग ऑल इंडिया अंडर-18, मग आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, जे-30, जे-60 या खालच्या श्रेणीच्या ज्युनिअर स्पर्धांत सेमीपर्यंत मजल. ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात, त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला ज्युनिअर टेनिस संपतं. सईचंही संपलं, आणि पुढचे सात-आठ महिने ती जवळजवळ सगळीकडे हरली.

अशा पालकांना मी आधी खेळाची व्यवस्था समजावून सांगते, कारण बहुतेकांना ती कोणी नीट सांगितलेलीच नसते. ज्युनिअरचे पॉइंट पुढे येत नाहीत. ती यादी वेगळी, मोठ्यांची यादी वेगळी: बायकांची डब्ल्यूटीएची, पुरुषांची एटीपीची. जगातल्या अगदी वरच्या ज्युनिअर खेळाडूंसाठी मोठ्यांच्या छोट्या स्पर्धांत काही जागा राखीव असतात. बाकीच्यांनी क्वालिफाइंगपासून, म्हणजे मुख्य स्पर्धेत जागा मिळवण्यासाठीच्या आधीच्या फेऱ्यांपासून, सुरुवात करायची. मुलींसाठी सगळ्यात खालची पायरी म्हणजे डब्ल्यू-15, एकूण बक्षीस 15,000 डॉलरचं. तिथे मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य स्पर्धेची, पहिली फेरी जिंकली की एक पॉइंट. रँकिंगमध्ये नाव यायला तीन स्पर्धांत पॉइंट हवेत, नाहीतर एकूण दहा. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, त्यातूनही कर कापला जातो. अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे एकाच जागी होतात म्हणून आपल्याकडची मुलं ट्युनिशियात मोनास्तिरला जाऊन तीन-चार आठवडे राहतात. तिकीट, व्हिसा, हॉटेल, रॅकेटचं स्ट्रिंगिंग, सगळा खर्च घरचा.

आणि समोर कोण असतं? पंचवीस-सव्वीस वर्षांची, दुखापतीतून परतलेली, एकेकाळी बऱ्याच वरच्या रँकिंगवर असलेली बाई. ज्युनिअरमध्ये सईचा जो फोरहँड विनर ठरायचा, तो इथे परत येतो. आणखी एकदा मारावा लागतो, मग आणखी एकदा.

या वाटेला वेळ किती लागतो, तेही मी सांगते. युकी भांब्रीने 2009 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनिअर विजेतेपद मिळवलं, ज्युनिअरमध्ये तो जगात पहिला होता. एकेरीत पहिल्या शंभरात यायला त्याला 2015 उजाडलं. सुमित नागलने 2015 मध्ये विम्बल्डनला मुलांच्या दुहेरीचं विजेतेपद मिळवलं; तो एकेरीत पहिल्या शंभरात आला फेब्रुवारी 2024 मध्ये, चेन्नईची चॅलेंजर, म्हणजे एटीपीच्या मुख्य स्पर्धांखालच्या पायरीची स्पर्धा, जिंकून. त्याआधी काही महिने, आपल्या खात्यात जेमतेम 900 युरो उरलेत, असं त्याने उघडपणे सांगितलं होतं. तेव्हा आठ महिन्यांच्या पराभवांवरून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी पालकांना स्पष्ट सांगते.

हे ऐकून बाबा जरा सैलावले. सई मात्र तशीच बसून होती. तिला यातलं काहीच नवीन नव्हतं.

पुढच्या वेळी तिला एकटीला बोलावलं. कोणती मॅच सगळ्यात जास्त खुपते, असं विचारल्यावर तिने मोनास्तिरमधली एक सांगितली. तिसरा सेट, चार-चार, तीस-चाळीस, हातात सेकंड सर्व्ह. तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकल्या. तो गेम गेला, मग पुढचा गेमही गेला आणि मॅचही.

"सर्व्हसाठी चेंडू आपटत होतीस, तेव्हा डोक्यात काय होतं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बासष्ट हजार."

विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट. ते बुक करताना बाबांनी ओटीपी बघायला फोन तिच्या हातात दिला होता आणि ओटीपीच्या वरचाच मेसेज बँकेचा होता, कर्जाचा हप्ता गेल्याचा. कर्ज किती, कशावर, तिला काहीच माहीत नव्हतं. मग मावसभावाच्या लग्नात आईच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. सईने मनातल्या मनात दोन्हींची सांगड घातली: पाटल्या मोडल्या, आता घर जाणार. त्यानंतरची प्रत्येक मॅच ती हे पैसे परत मिळवण्यासाठी खेळत होती, आणि दीडशे डॉलरच्या बक्षिसातून ते कधीच परत मिळणार नव्हते, हेही तिला कळत होतं.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. तिचा उजवा खांदा दुखत होता आणि मॅचआधी गोळी घेऊन ती खेळत होती. डॉक्टर म्हणजे एमआरआय, एमआरआय म्हणजे पुन्हा खर्च, म्हणून कोणालाच सांगितलं नव्हतं. घराला आपला भार होतोय असं वाटणारं मूल दुखणं लपवतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की खेळणारं मूल समोर आलं की आता मी दुखण्याबद्दल मुद्दाम विचारतेच. सईला आधी स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. फिजिओ सुरू झाली, सर्व्ह काही आठवडे बंद.

मग तिघांना एकत्र बसवलं. बाबांचा विरोध होता. "पैशाचं टेन्शन तिला कशाला द्यायचं? तिने फक्त खेळावं." यामागचं प्रेम मला दिसत होतं. पण एकाच छताखाली राहणाऱ्या मुलांपासून पैशाची चणचण लपत नाही. लपतो तो फक्त आकडा, आणि मग मूल आपल्या भीतीएवढा आकडा धरून चालतं. शेवटी बाबांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि वाचून दाखवलं: एवढं पर्सनल लोन, पाच वर्षांचं, हप्ता पगारातून जातो, घराचा त्याच्याशी काही संबंध नाही. आई म्हणाली, "अगं, पाटल्या लॉकरमध्ये आहेत. लोकलने जायचं म्हणून घातल्या नाहीत."

सईने एकच विचारलं, "म्हणजे घर नाही ना जाणार?"

बाबांना पुढचं काही बोलता येईना.

त्यानंतरच्या बैठकींत ठरलं ते साधं होतं. दोन सीझनसाठी खर्चाची एक रक्कम बाजूला काढायची. त्या रकमेत किती आठवडे परदेशात आणि किती देशात, हे कोचने सईबरोबर बसून ठरवायचं. सलग चार आठवडे मोनास्तिर बंद. त्याऐवजी देशातल्या महिलांच्या बक्षिसाच्या स्पर्धा आणि जवळपास होणाऱ्या आयटीएफ. बाबा ऑफिसात बसून लाइव्ह स्कोअर पॉइंटगणिक बघायचे आणि मॅच संपताच पाचव्या मिनिटाला फोन करायचे. तो फोन थांबला. आता सई स्वतः करते, जेवून झाल्यावर. बाबांना हे फार जड गेलं, आणि त्यांनी ते केलं याचं मला खरंच कौतुक वाटतं. जिंकली की हरली यापलीकडे काय बघायचं, तेही कोचने लिहून दिलं: पहिली सर्व्ह किती वेळा आत पडली, सेकंड सर्व्हवर किती पॉइंट मिळाले, मॅच तिसऱ्या सेटपर्यंत गेली का.

आईने अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा विषय काढला तेव्हा सईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आई खेळ सोडायलाच सांगतेय. तो समज काढावा लागला. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात असताना 2007 आणि 2008 मध्ये अमेरिकेचा कॉलेज विजेता होता. नंतर एटीपीमध्ये 62 व्या क्रमांकापर्यंत गेला. एवढंच, की बारावीनंतर किती काळ थांबता येतं आणि बक्षिसाची किती रक्कम घेता येते, याचे तिथले नियम वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. म्हणून हा पर्याय मनात असेल तर मोठ्यांच्या स्पर्धांत दोन वर्षं काढण्याआधीच चौकशी करावी. सईने चौकशी सुरू केली आहे, जायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

तिचा खांदा आता बरा आहे. परतल्यावर ती तीन मॅच हरली, मग क्वालिफाइंगमधून वर येऊन मेन ड्रॉची एक फेरी जिंकली. एक पॉइंट मिळालाय. रँकिंगमध्ये नाव यायला अजून अवकाश आहे. मार्चअखेर ते तिघं आणि कोच पुन्हा एकत्र बसणार आहेत. थांबायचं की पुढे जायचं, हा प्रश्न तोवर घरात काढायचा नाही, असं ठरलंय. बाबांनी आतापर्यंत तो काढलेला नाही.