रेल पुन्हा बसवायच्या आधी

प्रश्न : माझ्या नावावर एक कॅम्पर व्हॅन आहे. चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजकडून छताच्या कडेला ॲल्युमिनियमची ऑनिंग रेल, म्हणजे बाहेर सावलीसाठी उघडायचं कापडी छत (ऑनिंग) अडकवायची पट्टी, बसवून घेतली. ऑनिंग मी विकत आणलं होतं, रेल आणि मजुरी गॅरेजची. गेल्या आठवड्यात मुक्कामाला थांबलो असताना जोराचा वारा आला, उघडं ऑनिंग उचललं गेलं आणि रेल पत्र्यापासून उखडली. शेजारच्या गाडीची काच फुटली, तिच्या मालकाचं मनगट मोडलं. आम्ही त्या वेळी थोडं लांब होतो. गॅरेजवाले म्हणतात, 'वारा ही दैवी आपत्ती, शिवाय काम ताब्यात दिल्यावर आमची जबाबदारी नाही, असं बिलामागे छापलंय.' विमा कंपनीनं 'गाडीत परवानगीशिवाय बदल' असं कारण देऊन दावा फेटाळला. शेजाऱ्याची वकिलामार्फत नोटीस आली आहे. दुसरा एक गॅरेजवाला दोन दिवसांत सगळं पक्कं बसवून देतो म्हणतोय. गाडी देऊन टाकू का? आणि कधीमधी ओळखीच्यांना गाडी भाड्यानं देतो, त्यानं काही अडचण होईल का?

उत्तर : गाडी देऊ नका. निदान अजून नको.

तुमच्याकडे बिल आहे, फोटो असतील, चॅट असतील. पण या प्रकरणातला सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे छताच्या कडेची ती भोकं आणि उखडलेली रेल. नवा माणूस पहिलं काम काय करणार? ग्राइंडर फिरवणार, जुना गोंद खरवडणार, भोकं मोठी करणार. दोन दिवसांत तुमचा पुरावा भुकटी होऊन जमिनीवर पडेल.

रेल उलटी करून बघा. गोंदाचा थर रेलला चिकटून आलाय आणि त्याची बाहेरची बाजू गुळगुळीत, चकचकीत आहे का? मग तो पत्र्याला धड चिकटलाच नव्हता. बहुधा पृष्ठभाग साफ न करताच लावला. गोंदासोबत गाडीचा रंग सोलून आला असेल, तर गोंदानं आपलं काम केलं, पण रंगावर भरवसा ठेवणारानं केलं नाही. गोंद मधोमध फाटून अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहिला असेल, तर जोड बरा होता आणि भार जास्त झाला, असं गॅरेजला म्हणता येईल. भोकांचंही तसंच. व्हॅनच्या बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यात नुसता सेल्फ टॅपिंग स्क्रू मारला तर त्याचा एखादा आटाच पत्र्याला धरतो. असा स्क्रू उपटला गेला की भोक जवळपास गोलच राहतं, कडा बाहेर वळलेल्या दिसतात. आतून आधारपट्टी, रिव्हेट नट किंवा बॉडीच्या फासळीत गेलेला बोल्ट यांपैकी काहीच नव्हतं, हे आतलं पॅनेल काढल्यावर कोणालाही दिसेल. मी वकील आहे, अभियंता नाही, पण अशा प्रकरणांत अभियंत्याचा अहवाल आणि फोटो यांच्यापुढे वकिलाची भाषणं फिकी पडतात.

म्हणून सनदी अभियंता किंवा परवानाधारक सर्व्हेअर गाठा. तपासणीची तारीख ठरवा आणि त्या तारखेची लेखी सूचना गॅरेजला आणि विमा कंपनीला किमान आठवडाभर आधी द्या: 'यायचं असेल तर या, नाही आलात तरी तपासणी होईल.' ही पायरी लोक हमखास विसरतात. दुसऱ्या बाजूला बघायची संधी न देता केलेला अहवाल ग्राहक आयोगापुढे लगेच 'एकतर्फी' ठरवला जातो. चॅट ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून नेला तर पहिला आक्षेप त्यावरच येतो.

आता गॅरेजच्या दोन सबबी. वारा सुटतो, हे ऑनिंग बसवणाऱ्याला ठाऊक नसेल तर कोणाला असेल? ते कापड म्हणजे शीडच, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दैवी आपत्तीचा बचाव टिकायला नेहमीच्या अनुभवापलीकडचं, आधी अंदाजच करता येणार नाही असं काही घडावं लागतं. त्या दिवशी आसपास झाडं पडली होती का, इतर गाड्यांची ऑनिंग शाबूत राहिली का, हे तिथल्या लोकांकडून आत्ताच लिहून घ्या. महिन्याभरानं कोणाला आठवणार नाही.

बिलामागच्या छापील वाक्याबद्दल एकच विचारते: ते बिल तुम्हाला कधी मिळालं? काम झाल्यावर, पैसे देताना ना? करार त्याआधीच झालेला असतो. नंतर हातात पडलेल्या कागदावरची अट मागे जाऊन त्या कराराला चिकटत नाही. काम देताना तुम्ही त्याच अटीवर सही केली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जुना जॉबकार्ड शोधा. मात्र तक्रारीत 'ही अट अन्याय्य करार ठरवा' अशी स्वतंत्र मागणी घालू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगापासून सुरू होते. सेवेतल्या त्रुटीची साधी तक्रार जिल्हा आयोगात करा. ती तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

तुमची लंगडी बाजू सांगायलाच हवी, कारण गॅरेजचा वकील ती पहिल्याच दिवशी काढेल. ऑनिंग उघडं टाकून तुम्ही लांब गेलात. ऑनिंगसोबतच्या पुस्तिकेत वाऱ्यात ते गुंडाळून ठेवायला सांगितलेलं असतं. त्यामुळे तुमच्या वाट्याचा निष्काळजीपणा धरून भरपाई काही प्रमाणात कापली जाऊ शकते. दावा मात्र त्यानं बुडत नाही. दुसरं, ऑनिंग तुमचं होतं. नुसतं कापड सरकवायच्या रेलवर गुंडाळीचं जड ऑनिंग टांगलं, असं ते म्हणतील. म्हणून ऑनिंगचा खोका, वजन लिहिलेलं लेबल आणि पुस्तिका सांभाळा. आणि ऑनिंगचा नमुना गॅरेजला आधी दाखवला होता का, ते चॅटमध्ये शोधा. दाखवला असेल तर ही सबब त्यांच्यावरच उलटेल: बघून, हो म्हणून बसवलंत ना?

विमा कंपनीच्या पत्राकडे वळू. 'परवानगीशिवाय बदल' हे शब्द बहुतेकांना घाबरवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. तिथे 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यानं तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं बदलांबाबत कडक भूमिका घेतली हे खरं, पण तिथेही भर होता तो उत्पादकानं ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात नोंदल्या जाणाऱ्या तपशिलांवर. कडेला बसवलेल्या रेलनं आसनसंख्या बदलत नाही, बॉडीचा प्रकारही बदलत नाही. एवढ्यावर दावा फेटाळणं मला तकलादू वाटतं.

पण नोंदणीपत्र बाहेर काढा आणि बॉडीच्या प्रकारापुढे काय लिहिलंय ते बघा. कॅम्पर असं लिहिलं असेल तर निश्चिंत राहा. गाडी मूळची मालवाहू किंवा प्रवासी व्हॅन असेल, आत बिछाने, ओटा, टाकी नंतर बसवली असेल आणि नोंदणीपत्रावर अजून जुनाच प्रकार असेल, तर कंपनीचा खरा मुद्दा तो आहे, रेल निमित्त. परवानगी नसलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तसं असेल तर आधी मला प्रत्यक्ष येऊन भेटा. तोवर तक्रारीत बदलांविषयी एक ओळही लिहू नका.

पत्रात त्यांनी नेमकं काय नाकारलंय? तुमच्या गाडीचं नुकसान की शेजाऱ्याला द्यायची भरपाई? दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळायची त्यांना सवय असते. ऑनिंग आणि रेल पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून दाखवली नसतील तर त्यांचे पैसे विसरा. फाटलेल्या पत्र्यासाठी भांडा. शेजाऱ्याच्या बाबतीत कंपनीचे बचाव मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 नं मोजून दिले आहेत. त्यात माहिती दडवून पॉलिसी घेतल्याचा बचाव आहे, पण पॉलिसीची तारीख रेलच्या आधीची असेल तर दडवलं काय? रेल तेव्हा नव्हतीच.

गाडी उभी होती, मग हा 'वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात कसा, असंही ते विचारतील. त्याला जुनं उत्तर आहे. 1987 साली महाराष्ट्रात महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याच्या कडेला उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन जमलेली माणसं दगावली. टँकर तर निपचित पडलेला, मग वापर कसला, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये तो फेटाळला: उभं वाहनही वापरात असू शकतं, आणि 'वापरातून उद्भवलेला' ही शब्दरचना 'वापरामुळे झालेला' याहून व्यापक आहे. मुक्कामी गाडीचं ऑनिंग उघडणं हा कॅम्पर व्हॅनचा वापर नसेल, तर मग कशाला वापर म्हणायचं?

म्हणून शेजाऱ्याची नोटीस आजच विमा कंपनीला पाठवा, दावा फेटाळलेला असला तरीही. त्याला उत्तर द्या, सौजन्यानं द्या, हाताची विचारपूस करा; पण 'चूक माझी, पैसे देतो' असं लिहू नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, अशी अट पॉलिसीत असते आणि ती मोडल्याचा फायदा कंपनी नक्की उठवते. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी हरकत घ्या. महिन्याभरात समाधान झालं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. शुल्क नाही, निर्णय कंपनीला बांधतो, तुम्हाला नाही. मात्र त्याच वादावर आयोगात तक्रार चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. म्हणून आयोगात सध्या फक्त गॅरेजला ओढा.

आणि तुमचं शेवटचं, सहज टाकलेलं वाक्य. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं देणं हे पॉलिसीच्या अटींविरुद्ध आहे, परवान्याचाही प्रश्न येतो. शिवाय सेवा व्यावसायिक कामासाठी घेतली असं ठरलं तर तुम्ही 'ग्राहक'च राहत नाही आणि जिल्हा आयोगाचं दार बंद होतं. अपघाताच्या दिवशी गाडी तुमच्याच कुटुंबाच्या वापरात होती, हे तुमच्या बाजूनं आहे. खासगी गाडी भाड्यानं चालवताना अपघात झाला तरी अख्खा दावा बुडवू नये, काही टक्के द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलंय. तुमची गोष्ट त्याहून बरी आहे. विचारलं तर खोटं बोलू नका. पण आजपासून भाडं बंद, आणि भाड्याच्या जाहिराती कुठे टाकल्या असतील तर त्यांची नोंद माझ्याकडे पाठवा. समोरचा वकील त्या शोधेल. मला त्याच्या आधी बघायच्या आहेत.

तपासणी होईपर्यंत भोकांतून पाणी आत जाऊ देऊ नका. टाळता येण्यासारखं नुकसान तुम्ही वाढू दिलंत, असं ऐकायला लागेल. आधी प्रत्येक भोकाचा फुटपट्टी धरून फोटो, मग वरून प्लास्टिक आणि चिकटपट्टी. सिलिकॉन अजिबात भरू नका, ते काढताना कडा जातात. रेल आणि सुटलेले स्क्रू एका पिशवीत घालून बांधा, पिशवीवर तारीख लिहा आणि ती गाडीत नको, घरात ठेवा.